दार वर्षातून एकदा उघडतं

रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातल्या कंकाली मठाचं दार वर्षातून एकदाच, दसऱ्याला उघडतं. आत जुनी शस्त्रं आहेत. तलवारी, ढाली, भाले. ती नागा साधूंची, असं सांगतात. देवी एरवी तलावाजवळच्या देवळात असते. पण त्या एका दिवशी ती आपल्या मूळ जागी परतते, अशी इथल्या लोकांची श्रद्धा. म्हणून गर्दी लोटते. शस्त्रांची पूजा होते, दर्शनं होतात आणि दार पुन्हा लागतं ते पुढच्या दसऱ्यापर्यंत.

त्या गर्दीत हल्ली जोडलेल्या हातांपेक्षा उंचावलेले फोन जास्त असतात. वर्षभर झाकून राहिलेली गोष्ट क्षणात ‘स्टोरी’वर चढते आणि चढवणारा गल्लीच्या तोंडाशी पोचेपर्यंत बघू लागतो, किती जणांनी पाहिली? त्याच दाराचा, त्याच तलवारींचा व्हिडिओ आणखी कोणी टाकलेला असतो आणि त्याला दसपट लाइक मिळालेले असतात. त्याने गाणं कुठलं लावलंय? सुरुवात कशी केलीय? आत आपण काय पाहिलं हे मागे पडतं, दुसऱ्याने ते कसं दाखवलं हे डोक्यात बसतं. मठाचं दार रात्री मिटतं. खिशातलं हे दुसरं दार मात्र मिटतच नाही.

व्हिडिओ करणारे, रील काढणारे, ज्यांना आता सरसकट ‘कंटेंट क्रिएटर’ म्हणतात, त्यांच्या कल्पकतेचं या सदा उघड्या दारापायी काय होतं? हा प्रश्न घेऊन मुंबई-पुण्याऐवजी रायपूरकडे यायला कारण आहे. ब्राह्मणपाऱ्यातल्या ओट्यांनी तुलनेचा जुना, निराळा प्रकार पाहिला आहे. आणि इथून सुमारे ४५ किलोमीटरवर, तिल्दा भागात, तुलसी नावाचं एक गाव आहे, ज्याला देशभरातल्या वार्ताहरांनी ‘यूट्यूबरांचं गाव’ करून टाकलं आहे.

ओट्यावरचे परीक्षक

पारा म्हणजे आपल्याकडची आळी. जुनं रायपूर अशा पाऱ्यांचं बनलेलं आहे: ब्राह्मणपारा, कंकालीपारा, आमापारा, बैजनाथपारा. जवळचा तात्यापारा तर नावातच मराठी ओळख घेऊन बसला आहे. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करपंत या मुलखात उतरले. १७५८ पासून बिंबाजी भोसले रतनपुरात राहून कारभार पाहू लागले. १८५४ मध्ये इंग्रजांनी नागपूरचं राज्य खालसा केलं तेव्हा छत्तीसगडही त्यांच्याकडे गेलं. राज्य गेलं, पण त्या वाटेने आलेली कुटुंबं इथलीच होऊन राहिली. घरात मराठी, दारात छत्तीसगढी, कचेरीत हिंदी.

या भागातली खरी तुलना बघायची तर गणेश विसर्जनाच्या दिवसांतली झांकीची रात्र बघावी. झांकी म्हणजे चित्ररथ, आणि रायपूरकरांसाठी त्याहून बरंच काही. शारदा चौक, जयस्तंभ, मालवीय रोड, कोतवाली, सदर बाजार असं करत झांक्या कंकालीपाऱ्यातून पुरानी बस्तीकडे, लाखेनगरकडे आणि पुढे खारून नदीच्या महादेव घाटाकडे सरकतात. राजनांदगावच्या झांक्यांचा लौकिक मोठा. तिथे मिरवून झालेल्या काही झांक्या मग रायपुरात येतात. ओट्यांवर, गच्च्यांवर, दुकानांच्या पायऱ्यांवर बसलेला प्रत्येक माणूस त्या रात्री परीक्षक असतो.

त्यांची तुलना गुळगुळीत नसते. अमक्या मंडळाचा राक्षस तोंडच उघडेना, तमक्याची दोरी दिसत होती, गेल्या साली हाच देखावा दुसऱ्यांनी केला होता. पण या तुलनेला तीन गोष्टींची चौकट असते. जोखणारा आणि जोखला जाणारा एकाच रस्त्यावर असतात. काय फसलं ते नेमकं सांगितलं जातं. आणि पहाट झाली की ती संपते. मग पुढचे कित्येक महिने मंडळाला कोणी विचारत नाही. त्या न विचारण्याच्या काळातच नवा देखावा सुचतो.

आपल्याकडे कलगी-तुऱ्याचे फड याच जातकुळीचे होते. तुरेवाला शिवाची बाजू घेणार, कलगीवाला शक्तीची. एकाने कूट घालायचं आणि दुसऱ्याने त्याच तोलाचं उत्तर त्याच बैठकीत द्यायचं. प्रतिस्पर्ध्याची चाल ओळखायची तर आधी त्याचं नीट ऐकावं लागे. हरलेला शाहीर घरी जाताना नवा सवाल रचत जात असणार. मराठी शाहिरीला धार आली ती असल्या झोंबाझोंबीतूनच. म्हणजे तुलना कलेची वैरीण आहे असं सरसकट म्हणायची सोय नाही. मग फोनमध्ये गेल्यावर तिचं असं काय होतं?

तुलसी

तुलसी गावाची वस्ती सुमारे ४,००० आहे. बीबीसीच्या २०२५ मधल्या वृत्तांतानुसार त्यांतले हजारांहून जास्त लोक या ना त्या रूपाने यूट्यूबच्या कामात आहेत. कोणी लिहितं, कोणी कॅमेरा धरतं, कोणी सासूचं काम करतं, कोणी फक्त गर्दीत उभं राहतं. सुरुवात झाली दोन मित्रांपासून. ज्ञानेंद्र शुक्ला स्टेट बँकेत नेटवर्क इंजिनिअर होते, जय वर्मा रसायनशास्त्रात एमएस्सी करून शिकवत होते. दोघांनी नोकऱ्या सोडल्या. २०१८ मध्ये त्यांनी ‘बीइंग छत्तीसगढ़िया’ हे चॅनल काढलं. व्हॅलेंटाइन डेच्या दिवशी जोडप्यांना होणाऱ्या त्रासावरचा त्यांचा एक विनोदी व्हिडिओ चालला आणि गावाची गाडी रुळावर आली. पुढे चॅनलची वर्गणीदार-संख्या सव्वा लाखाच्या घरात गेली. २०२३ मध्ये शासनाच्या मदतीने गावात चित्रीकरण आणि संपादनासाठी स्टुडिओ उभा राहिला. इथूनच पुढे आलेली पिंकी साहू छत्तीसगढी चित्रपटांत काम करू लागली.

या साऱ्या बातम्यांत एक बारीक तपशील आहे आणि मला तो सगळ्यांत मोलाचा वाटतो. सुरुवातीला या मंडळींना लोकांसमोर अभिनय करायची लाज वाटायची, म्हणून ती निर्जन जागी जाऊन चित्रीकरण करत. तेव्हा गावातल्या वडीलधाऱ्यांनी त्यांना रामलीलेत कामं दिली. त्या रंगमंचावर त्यांची भीड चेपली. गावचा विनोदी नट मनोज यादव याने तर लहानपणी रामलीलेत रामाचंच काम केलेलं. म्हणजे यूट्यूबचं हे गाव आधी रामलीलेचं गाव होतं. प्रेक्षक समोर बसलेला असतो, त्याला हसवता आलं नाही तर तिथल्या तिथे कळतं, हे शिक्षण त्यांना आकडे दिसण्याआधी मिळालं.

छत्तीसगडला हे नवं नाही. इथला नाचा हा लोकनाट्यप्रकार रात्र रात्र चालतो. जोक्कड़ आणि परी ही पात्रं लिहिलेल्या संहितेशिवाय प्रसंग फुलवतात. समोरचा गाव हसतो की जांभया देतो त्यावर पुढचं वाक्य ठरतं. बैजनाथपाऱ्यात १९२३ मध्ये जन्मलेल्या हबीब तन्वीर यांनी याच नाचाचे कलावंत घेऊन ‘चरणदास चोर’ हे नाटक उभं केलं आणि जगभर फिरवलं. त्या कलावंतांना मोठं केलं त्यांच्याच बोलीने आणि चालीने.

तुलसीत आज कित्येक चॅनलं आहेत. साहजिकच तुलनाही आहे. पण चौकट बघा. आज माझ्या व्हिडिओत काम करणारा उद्या त्याच्या व्हिडिओत काम करणार. त्याचा व्हिडिओ का चालला ते विचारायला दोन घरं ओलांडावी लागतात. उत्तर मिळतं, कधी कॅमेराही मिळतो. शेजाऱ्याचं यश इथे शिकण्याजोगं असतं.

हेवा आणि मत्सर

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी १९५४ मध्ये सामाजिक तुलनेचा सिद्धान्त मांडला. मापायला बाहेर नक्की मापच नसलं की माणूस स्वतःला दुसऱ्या माणसावरून जोखतो आणि त्यासाठी शक्यतो आपल्यासारखाच माणूस निवडतो. अंतर फार असलं तर तुलनेची ओढच कमी होते. बुद्धिबळ नुकतंच शिकू लागलेला स्वतःला नामांकित खेळाडूंशी ताडून बघत नाही, हे उदाहरण त्यांचंच.

फोनने मोडलं ते हेच. एकाच पडद्यावर, एकाच आकाराच्या चौकटीत, एका बोटाच्या अंतरावर सगळे आले. तिल्द्याच्या पोराचा स्वयंपाकघरात काढलेला व्हिडिओ आणि मुंबईत दहा माणसांच्या चमूने, दिव्यांसकट, पैसे लावून काढलेला व्हिडिओ एकमेकांखाली सरकतात. चौकट सारखी म्हणून माणसंही सारखी वाटतात. मागची माणसं, भांडवल, फसलेले चाळीस प्रयत्न, यांतलं काही दिसत नाही. दिसतो फक्त आकडा. बुद्धिबळाच्या नवशिक्याला रोज सकाळी विश्वविजेत्याच्या शेजारी बसवून दोघांचे गुण फळ्यावर लिहावेत, तसा हा प्रकार.

मराठीत यासाठी फार नेमके शब्द आहेत. ‘मला तुझा हेवा वाटतो’ हे आपण मैत्रिणीला तोंडावर सांगू शकतो. मत्सर मात्र कोणी कबूल करत नाही. हेव्यात ‘मलाही हे जमावं’ असतं, मत्सरात ‘त्याचं हे जावं’ असतं. डच भाषेतही असे दोन शब्द आहेत, आणि नेदरलँड्समधले संशोधक नील्स फान द फेन व त्यांचे सहकारी यांनी २०११ मध्ये हाच भेद प्रयोगाने तपासला. हेव्याने पेटलेल्यांनी शब्दांचे दूरान्वय शोधण्याच्या, म्हणजे कल्पकतेशी नातं असलेल्या चाचणीत अधिक चांगली कामगिरी केली. नुसत्या कौतुकाने तसं झालं नाही. पण अट एकच होती: आपणही तिथवर पोचू शकू असं वाटायला हवं. ते वाटेनासं झालं की हेव्यातली ऊब जाते.

तुलसीतला शेजारी पोचण्याजोगा आहे. पडद्यावरचा अनोळखी, दर मिनिटाला बदलणारा ‘व्हायरल’ माणूस तसा नाही. म्हणून एकीकडे तुलना उमेदवारीसारखी चालते आणि दुसरीकडे नुसती दमवते.

दहांत कितवा?

व्हिडिओ टाकणाऱ्यांची बोली ऐकली की जखम कुठे आहे ते कळतं. ‘रीच पडली’, ‘व्ह्यू अडकले’, ‘अल्गोरिदमने उचललं नाही’, ‘पहिल्या तीन सेकंदांत हूक हवा’, ‘ट्रेंडिंग ऑडिओ घे’. या बोलीत गोष्ट, पात्रं, बोलणं, हसू यांतलं काहीच नाही. सारं शेअर बाजाराच्या किंवा हवामानखात्याच्या भाषेसारखं. पडझड, उसळी, दाब.

यंत्र नुसतं दुसऱ्याशी तुलना करायला लावून थांबत नाही. यूट्यूबवर नवा व्हिडिओ टाकला की करणाऱ्याला त्याच्या डॅशबोर्डवर दिसतं, मागच्या १० व्हिडिओंत हा कितवा. म्हणजे माणूस स्वतःचाच प्रतिस्पर्धी होतो. गेल्या महिन्यात सासू-सुनेच्या भांडणाचा व्हिडिओ पहिला आला, या महिन्यात धानाच्या कापणीवर मनापासून केलेला नववा आला. पुढचा कोणता करणार? सासू-सून. त्याच्या पुढचा? पुन्हा सासू-सून, आता जावेसकट. दुसऱ्याची नक्कल करण्याची लाज तरी वाटते. स्वतःची नक्कल करताना माणसाला वाटतं, मला माझी शैली सापडली.

पैशाचीही गाठ आहेच. २०१८ च्या सुरुवातीपासून यूट्यूबवर जाहिरातीच्या उत्पन्नात वाटा हवा तर १,००० वर्गणीदार आणि वर्षात ४,००० तास पाहिलं जाणं ही अट आली. १ लाखाला चंदेरी बटण, १० लाखांना सोनेरी. जून २०२० च्या शेवटी टिकटॉकवर बंदी आली आणि काही आठवड्यांतच रील्स व शॉर्ट्सनी ती जागा भरली. मिनिटांची गोष्ट सेकंदांवर आली. जितकी लहान चौकट, तितक्या तासाला जास्त तुलना.

आकड्यांनी कल्पकता कशी आटते यावर मानसशास्त्रज्ञ टेरेसा अमाबाइल यांचा १९८५ चा प्रयोग आजही वाचावा असा आहे. त्यांनी ७२ तरुण लेखकांना कविता लिहायला सांगितल्या. मध्ये काहींना ‘आपण का लिहितो’ याची कारणं क्रमाने लावायला दिली. एका गटाला दिलेली कारणं प्रसिद्धी, पैसा, इतरांची वाहवा अशी होती; दुसऱ्या गटाला दिलेली लिहिण्यातल्या आनंदाची. बस, काही मिनिटांचं काम. त्यानंतर लिहिलेल्या कविता कवींनीच तपासल्या तेव्हा वाहवा मनात आणून दिलेल्या गटाच्या कविता स्पष्टपणे कमी कल्पक ठरल्या. तेच लेखक, तीच हातोटी. नुसती आठवण करून दिली एवढंच. आपला क्रिएटर ही आठवण दिवसातून किती वेळा स्वतःला करून देतो, ते त्याने फोन किती वेळा उघडला यावर ठरतं.

आणि ज्या आकड्यापुढे मान तुकवायची तो तरी खरा असतो का? २००६ मध्ये मॅथ्यू सॅल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स या संशोधकांनी १४,००० हून जास्त लोकांना अनोळखी बँडची ४८ गाणी ऐकवली. श्रोत्यांना स्वतंत्र ‘दुनियां’त विभागलं, प्रत्येक दुनियेत इतरांनी काय उतरवून घेतलं तो आकडा दिसे. गाणी तीच असून एका दुनियेत डोक्यावर घेतलेलं गाणं दुसरीत मधेच कुठेतरी राहिलं. अगदी उत्तम गाणी सहसा तळाला गेली नाहीत, अगदी वाईट सहसा वर आली नाहीत. मधल्यांचं मात्र काहीही होऊ शकत होतं. आकडे दिसू लागले की उच्च-नीच वाढली आणि अंदाज बांधणं अवघड झालं. आपला व्हिडिओ नववा आला तेव्हा त्यात व्हिडिओ किती आणि योगायोग किती, हे डॅशबोर्ड सांगत नाही.

कंपन्यांनाही याची कल्पना आहे. यूट्यूबने २०१९ मध्ये वर्गणीदारांचे नेमके जाहीर आकडे गोल केले आणि २०२१ च्या नोव्हेंबरात नापसंतीची संख्या लोकांपासून झाकली. त्याच वर्षी इन्स्टाग्रामने लाइक लपवायची सोय दिली. पण करणाऱ्याला आपल्या डॅशबोर्डवर सगळं दिसतच राहिलं. दार लोटलं, कडी घातली नाही.

आजी आणि नातू

अहिल्यानगरजवळच्या सारोळा कासारच्या सुमन धामणे यांचं ‘आपली आजी’ हे चॅनल बहुतेक मराठी घरांना ठाऊक आहे. नातू यश पाठक याने आजीच्या हातची पावभाजी चित्रित केली आणि त्यातून हे सुरू झालं. आजी सत्तरीच्या आसपासची, कॅमेऱ्याशी आयुष्यात कधी संबंध न आलेली. चूल, वाटण, हाताचा अंदाज आजीचा; चित्रीकरण, अपलोड आणि बाकी उठाठेव नातवाची. २०२० च्या ऑक्टोबरात चॅनल हॅक झालं आणि काही दिवसांनी परत मिळालं, तेव्हाची धावपळही नातवानेच केली.

मला यात एक व्यवस्था दिसते. भाजीत मीठ घालणारा हात आणि आकडा बघणारा डोळा एका माणसाचे नाहीत. आजी कोणाशी तुलना करत असतील तर ती बहुधा आपल्या आईच्या हातच्या चवीशी. एकट्याने लिहिणाऱ्या, चित्रित करणाऱ्या, संपादन करणाऱ्या आणि मग रात्री दोनला व्ह्यू मोजणाऱ्या मुलाला हे वाटप मिळत नाही. त्याच्या आत आजी आणि नातू दोघेही असतात आणि नातू आजीला चुलीपाशी बसू देत नाही.

सप्र्यांची समीक्षा

तात्यापाऱ्याच्या बाजूने जाताना माधवराव सप्रे आठवतात. १८७१ मध्ये दमोह जिल्ह्यातल्या पथरिया गावी जन्मलेला हा मराठी माणूस. १९०० च्या जानेवारीत त्यांनी पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ़ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केलं. सोबत होते वामन बळीराम लाखे, ज्यांचं नाव आज लाखेनगरला आहे. मासिक तीनच वर्षं चाललं. सप्र्यांची १९०१ मधली ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही हिंदीतल्या सुरुवातीच्या कथांत गणली जाते, अनेकांच्या मते तीच पहिली. पुढे त्यांनी ‘दासबोध’ आणि ‘गीतारहस्य’ हिंदीत नेले. १९२६ मध्ये ते रायपुरातच वारले.

‘छत्तीसगढ़ मित्र’ची हिंदीला आणखी एक देणगी आहे, पुस्तकांची सविस्तर समीक्षा. नवं पुस्तक घ्यायचं, वाचायचं, कुठे जमलं, कुठे घसरलं ते कारणांसकट लिहायचं. हीसुद्धा तुलनाच. पण तिच्यातून लेखकाच्या हाती काहीतरी लागायचं. झांकीच्या रात्री ‘दोरी दिसत होती’ म्हणणारा ओट्यावरचा म्हातारा आणि सप्रे एकाच परंपरेतले. ‘नववा’ एवढंच सांगणारा डॅशबोर्ड त्या परंपरेत बसत नाही. तो निकाल देतो, कारण देत नाही. कारणाशिवाय मिळालेल्या निकालातून माणूस फक्त भिऊ शकतो, शिकू शकत नाही.

म्हणून क्रिएटरला ‘तुलना सोडून दे’ असा साधूचा उपदेश करण्यात अर्थ नाही. त्याला हवा आहे फड. पाच-सहा जणांचा, तोंडावर बोलणारा, एकमेकांचं काम पूर्ण पाहणारा. आणि हवी आहे वेळ. काम हाताशी असताना दार बंद. झालं की उघडायचं, ठरावीक दिवशी, ठरावीक वेळ. हे लिहितो आहे तो दिवाळी अंकाचा प्रकारही त्याच शिस्तीचा आहे. १९०९ मध्ये का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी लेखक वर्षातून एकदा एकमेकांना जोखत आला आहे. हेवे, रुसवे, ‘त्याची कथा आधी का छापली’ हे सगळं होतं. दिवाळी सरते, अंक रद्दीत किंवा कपाटात जातात आणि माणूस पुन्हा कोऱ्या कागदापाशी येतो.

तुळशीच्या नावाची एक जुनी व्युत्पत्ती सांगतात, जिला तुलना नाही ती तुलसी. व्याकरणाला ती पटो न पटो. ज्या गावाने हे नाव घेतलं त्याच गावात आज हजार माणसं रोज तुलनेच्या यंत्रापुढे उभी राहतात, आणि त्यांचं जे टिकलं आहे ते एकमेकांच्या घरी येण्याजाण्यामुळे.

कंकाली मठात दसऱ्याला शस्त्रं पूजतात, तशी आपल्याकडे खंडेनवमीला हत्यारं पाटावर मांडतात. त्या दिवशी ती चालवायची नसतात. करवत, वही, तराजू, सतार, सगळ्यांना हळदकुंकू आणि एक दिवस विश्रांती. अलीकडे त्या पाटावर कॅमेरे, माइक, ट्रायपॉड आले आहेत, झेंडूची फुलं वाहिलेले. फोन तेवढा पाटावर दिसत नाही. तो पूजेचा फोटो काढण्यात गुंतलेला असतो.